भेग अडवणारा धागा

मुंबईहून आकासा एअरचे विमान उडते, तेव्हा त्याच्या लीप इंजिनात टर्बाइनच्या पहिल्या पात्यांभोवती तुकड्यातुकड्यांचे एक कडे असते. ते धातूचे नसते. सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकमध्ये त्याच पदार्थाचे धागे घालून ते घडवलेले असते. 2016 पासून ही इंजिने प्रवासी सेवेत आहेत. निकेलच्या मिश्रधातूच्या कड्याच्या तुलनेत हे कडे सुमारे एक तृतीयांशच वजनाचे आणि त्याहून जास्त उष्णता सोसणारे.

सिरॅमिक उष्णतेला डरत नाही, पण एक भेग पडली की संपले. कुडाच्या भिंतीला लिंपताना मातीत भुसा कालवतात तो याचसाठी. इथला भुसा म्हणजे केसाहून बारीक धागा. जपानच्या तोहोकू विद्यापीठातले सेइशी याजिमा यांनी तो 1975 मध्ये जगापुढे आणला. सिलिकॉन असलेल्या पॉलिमरचे तंतू ओढायचे आणि भाजून त्यांचेच सिरॅमिक करायचे, ही त्यांची युक्ती मला अजूनही थक्क करते.

धाग्यावर बोरॉन नायट्राइडचा पातळ लेप असतो, आणि तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. भेग धाग्यापाशी आली की लेपातून बाजूला वळते. धागा शाबूत राहतो आणि भेगेच्या दोन्ही कडा धरून ठेवतो.

मात्र खरी परीक्षा काळाची. पुस्तकांच्या ओझ्याने कपाटाची फळी वर्षानुवर्षे वाकत जाते, तसा तापलेला धागा सततच्या ताणाखाली कणाकणाने लांबतो. यालाच क्रीप म्हणतात. पहिल्या धाग्यांत ऑक्सिजन राहून जाई; 1200 अंशांपलीकडे तो वायुरूपात निघे आणि धागा खिळखिळा होई. पुढे तंतू हवेत पक्के करण्याऐवजी इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने पक्के करू लागले, नंतर जास्तीचा कार्बनही काढला. स्फटिककण मोठे केले तर क्रीप कमी होतो, पण धाग्याचे बळही घटते. धाग्यांमधल्या पोकळ्या भरायला ओतलेले सिलिकॉन 1414 अंशांना वितळते, ती मर्यादा वेगळीच.

धागा लांबला की भेग उघडते. मग ऑक्सिजन आणि वाफ आत शिरून तो कच्चा लेपच खातात, त्याच्या जागी काच होते, धागा भोवतालाला चिकटतो आणि पुढची भेग त्याला सोबत घेऊन तोडते. बाहेरून दुर्मिळ मृदाधातूंच्या सिलिकेटचे कवच चढवतात, कारण वाफ पृष्ठभागावरची सिलिकाही उडवून नेते.

म्हणून प्रयोगशाळेत याच पदार्थाच्या भट्टीतल्या पट्टीला वजन टांगून महिनोन्महिने ठेवतात आणि ती किती लांबली ते मोजत राहतात.