दुकानाच्या काचेतलं अस्वल

गटाच्या बैठकीत आम्हाला नेहमी ऐकू येतं, "शिवणकाम येतं हो, पण त्यातून धंदा कसा उभा राहणार?" म्हणून आज दूरदेशीची एक खरी गोष्ट सांगतो. टेडी बेअरची, म्हणजे मुलं कुशीत घेऊन झोपतात त्या कापडी अस्वलाची.

मॉरिस मिक्टम हे रशियातून अमेरिकेत आलेले ज्यू. त्या काळी रशियात ज्यूंवर हल्ले होत, म्हणून लाखो माणसं घरदार सोडून अमेरिकेला गेली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मॉरिस आणि त्यांची बायको रोझ एक छोटं दुकान चालवत. गोळ्या, चॉकलेटं, कागद, पेन्सिली असा किरकोळ माल. आपल्याकडे शाळेसमोर असतं ना, तसंच.

1902 च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात शिकारीला गेले. त्यांना शिकार मिळेना, म्हणून सोबतच्यांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांनी त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र काढलं आणि ते खूप गाजलं.

मिक्टम नवराबायकोने ही संधी हेरली. रोझने मऊ कापड बेतलं, शिवलं, आत भरण भरलं, डोळ्यांच्या जागी बटणं लावली. ते अस्वल दुकानाच्या काचेत मांडलं. नाव ठेवलं 'टेडीज बेअर', कारण रूझवेल्टना लोक टेडी म्हणत. गिऱ्हाइकं विचारू लागली. मागणी वाढत गेली आणि 1907 मध्ये दोघांनी 'आयडियल' ही खेळण्यांची कंपनी काढली. पुढे ती अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत गणली गेली.

यात भांडवल काय होतं? हातातली कला, लोकांच्या तोंडी असलेला विषय, आणि वस्तू चार जणांना दिसेल अशी मांडण्याची हुशारी.

पण एक गोष्ट आम्हाला खटकते. पुष्कळ ठिकाणी एवढंच लिहिलेलं असतं की टेडी बेअर मॉरिस मिक्टम यांनी बनवलं. सुई कुणाच्या हातात होती?

त्याच सुमारास जर्मनीत मार्गारेट श्टाइफ यांच्या कारखान्यातही कापडी अस्वलं तयार झाली. लहानपणी पोलिओ झाल्याने त्या चाकाच्या खुर्चीतून वावरत. शिवणकामातूनच त्यांनी धंदा उभारला. त्यांच्या खेळण्याच्या कानात एक बटण असतं. आजही त्या बटणावर त्यांचं आडनाव आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशेबाची वही उघडाल, तेव्हा विक्रीच्या आकड्याशेजारी माल कुणी बेतला, कुणी शिवला, तेही लिहा. घरच्या दुकानात राबत असाल, तर पाटीवर आणि कागदपत्रांवर आपलं नाव आहे का, ते आजच बघा.