मागची दोन की चारही?

बीएमडब्ल्यूची २०२१ची एम३ कॉम्पिटिशन दोन रूपांत मिळत होती, त्यामुळे तुलना सोपी. इंजिन तेच, ५१० पीएसचं. ताकद फक्त मागच्या चाकांना जाणारी गाडी शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.९ सेकंदांत गाठते, तर चारही चाकांची, म्हणजे एक्सड्राइव्ह, ३.५ सेकंदांत. तिचं वजन मात्र सुमारे ५० किलोने जास्त, आणि तेही बहुतेक पुढच्या बाजूला.

यातली खरी करामत गिअरबॉक्सच्या मागे बसवलेल्या क्लचची. एरवी तो मागच्या चाकांनाच झुकतं माप देतो. ती घसरू लागली की पुढच्यांकडे ताकद वळवतो. ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद केलं, तर पुढची चाकं ताकदीपासून पार मोकळीही करता येतात. म्हणजे हौसही भागते.

एक गैरसमज मात्र हमखास आढळतो: चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी लवकरही थांबते. प्रत्यक्षात ही व्यवस्था वेग घेताना मदत करते, थांबताना नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. ओल्या घाटात गाडी वेळेवर थांबणार की नाही, हे टायर ठरवतात. म्हणून बर्फ नसलेल्या मुलखात मी मागच्या चाकांची गाडी आणि नवे टायर घेईन. हाताने गिअर टाकायचे असतील तर प्रश्नच मिटला: मॅन्युअल फक्त मागच्या चाकांच्या साध्या एम३मध्येच. भारतात जुळणी होणाऱ्या एम३४०आयमध्ये ही निवडच नाही, ती एक्सड्राइव्हच येते.