नोकरी गेली, तेव्हा आभार कसले मानू?

कुणी लोकलमध्ये उभे असाल, कुणी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल. आज बोलूया रोजच्या उपकारस्तुतीबद्दल. चर्चमध्ये रविवारी आपण आभाराची गाणी गातोच. प्रश्न सोमवार सकाळचा आहे.

आधी माझी गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप परत. घराचा हप्ता चालूच होता. चर्चमधले एक काका प्रेमाने म्हणाले, "बाळा, देवाचे आभार मान. त्याची काहीतरी योजना असेल." मी मान डोलावली. पण मनात आलं, कसले आभार मानू? देवाशी खोटं बोलू का?

तुम्हालाही कधीतरी असं वाटलं असेल ना? मग मी बायबल उघडून ती आज्ञा शोधली. थेस्सलनीकाकरांस पौलाने लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय 5, वचन 18. तिथे कोणत्याही परिस्थितीत असलो तरी आभार मानायला सांगितलंय. वाईट परिस्थितीलाच चांगलं म्हणा, असं तिथे नाही. मराठीत बघा, 'परिस्थितीबद्दल' आभार आणि 'परिस्थितीत' आभार. फरक एवढासाच, पण माझा श्वास मोकळा झाला.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण येशूचंच आहे. ज्या रात्री त्याला धरून दिलं, त्याच रात्री त्याने भाकर हातात घेतली आणि आभार मानले. प्रभुभोजनाला 'युकॅरिस्ट' म्हणतात ना, तो शब्द मूळ ग्रीक, आणि त्याचा अर्थच आभार मानणं! पण त्याच रात्री, थोड्या वेळाने, गेथशेमाने बागेत तो पित्याला विनवतो की शक्य असेल तर हा प्याला माझ्यापुढून दूर कर. म्हणजे आभार आणि दुःख, दोन्ही एकाच रात्री, एकाच तोंडून. आभार मानले म्हणून रडायला बंदी नाही. स्तोत्रसंहितेतलं 13वं स्तोत्र वाचा. सुरुवात थेट तक्रारीने होते, शेवट गाण्याने.

आता दुसरी गोष्ट, लूक अध्याय 17 मधली. दहा कुष्ठरोगी बरे होतात, एकच परत येतो, तोही शोमरोनी. बाकीचे नऊ वाईट होते का? येशूनेच त्यांना याजकांकडे जायला सांगितलं होतं, ते तिकडेच निघाले होते. फक्त मागे वळायचं राहून गेलं. आपलंही असंच होतं. पगार झाला की ईएमआय, रिपोर्ट नॉर्मल आला की पुढची मीटिंग.

आमच्या कामात एक गंमत आहे. सर्व्हर बंद पडला की रात्री दोन वाजता फोन वाजतो. सर्व्हर नीट चाललाय हे सांगायला कुणी फोन करत नाही. मनही तसंच आहे. बिघडलेलं आपोआप कळतं, नीट चाललेलं मुद्दाम बघावं लागतं.

माझी आजी हे मुद्दाम बघायची. जेवणाआधीची तिची प्रार्थना इतकी लांब की आमची भाजी गार व्हायची! नळाला पाणी आलं, शेजारच्या काकूंनी कढीपत्ता दिला, गुडघा आज कमी दुखला, सगळं त्यात यायचं. तेव्हा आम्ही हसायचो. नोकरी गेल्यावर मी तेच सुरू केलं.

तुम्हाला करायचं असेल तर एक जुनी पद्धत आहे. 16व्या शतकातल्या संत इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाचं परीक्षण करायला पाच पायऱ्या सांगितल्या. आधी देवाचे आभार. मग स्वतःकडे खरेपणाने बघता यावं म्हणून कृपा मागायची. मग दिवस तपासायचा, चुकांची क्षमा मागायची आणि उद्यासाठी निश्चय करायचा. क्रम लक्षात घ्या, चुकांच्या आधी आभार येतात.

झोपताना, फोन चार्जिंगला लावला की, पाच मिनिटं द्या. तीन गोष्टी आठवा, पण नेमक्या. "सगळ्यासाठी थँक्यू" म्हणून सुटू नका. "आज मित्राने न मागता रेझ्युमे तपासून दिला" असं म्हणा. एक गोष्ट दुखत असेल तर तीही सांगा. आणि एखाद्या माणसामुळे दिवस बरा गेला असेल, तर त्याला मेसेज टाका.

आठ महिन्यांनी मला नोकरी मिळाली. ती आभार मानल्यामुळे मिळाली असं मी म्हणणार नाही. परत न आलेले ते नऊ जणही बरे झालेच होते की! मला मिळालं ते वेगळंच. त्या आठ महिन्यांत देव गप्प होता असं मला आधी वाटायचं. आता मागे वळून बघतो, तर कढीपत्त्यासारख्या बारीकसारीक गोष्टींतून तो रोज घरी येत होता.

आज रात्री तुमच्या तीन गोष्टी कोणत्या? विचार करा. पुढच्या भागात भेटूच. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो!