तंजावरचे भात आणि समतोलाचा हिशेब

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला प्रथम स्मरतात ते व्यंकोजीराजे, दुसरे सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय. १७९९ साली तेथील राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि १८५५ साली भोसल्यांची गादीही संपुष्टात आली. परंतु चोळ, नायक आणि मराठे या तिन्ही राजवटींचे वैभव ज्या आधारावर उभे होते, ती कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेती आजही टिकून आहे. प्रादेशिक समतोलाचा विचार करताना आपण बहुधा दुष्काळी किंवा डोंगराळ भाग डोळ्यांसमोर आणतो. तंजावर मात्र एक निराळाच प्रश्न पुढे ठेवते. ज्या सुपीक प्रदेशाने सर्वांच्या हितासाठी शेतीच करीत राहावे असे आपण ठरवतो, त्याचे देणे कोणी आणि कसे फेडावे?

युरोपची मोजपट्टी

अनेक राष्ट्रांच्या संघात हा प्रश्न अधिक ठळकपणे दिसतो. सामाईक बाजारपेठ निर्माण झाली की भांडवल आणि कुशल मनुष्यबळ आधीच पुढारलेल्या केंद्रांकडे ओढले जाते. १९५७ च्या रोम कराराच्या प्रास्ताविकातच प्रदेशाप्रदेशांतील तफावत कमी करण्याचा उद्देश नमूद होता. १९७५ साली युरोपीय प्रादेशिक विकास निधी स्थापन झाला. पुढे ज्या प्रदेशाचे दरडोई सकल उत्पादन संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, तो साहाय्यास प्रथम पात्र, असा दंडक रूढ झाला. येथे मोजमापाचे एकक राष्ट्र नसून प्रदेश आहे, हे महत्त्वाचे. म्हणूनच इटलीसारख्या संपन्न देशातील सिसिली व कालाब्रिया हे प्रांतही या साहाय्यास पात्र ठरतात.

आपली मोजपट्टी

भारतात हे कार्य राज्यघटनेच्या अनुच्छेद २८० अन्वये नेमलेला वित्त आयोग करतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी विभाज्य करांतील ४१ टक्के वाटा राज्यांना दिला. त्याच्या वाटपात राज्याराज्यांच्या उत्पन्नातील अंतराला सर्वाधिक, म्हणजे ४५ टक्के भार होता. त्यानुसार तामिळनाडूच्या वाट्याला ४.०७९ टक्के आले. येथे एकक आहे राज्य. चेन्नई आणि कोइमतूर यांच्या उद्योगांनी राज्याची सरासरी उंचावली, की त्या सरासरीत तंजावरचा शेतमजूर दिसेनासा होतो.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. मुंबई-पुण्याच्या संपन्नतेआड विदर्भ आणि मराठवाडा झाकले जात. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली क्षेत्रनिहाय आणि जिल्हानिहाय ‘अनुशेष’ मोजला, तेव्हा ही तफावत प्रथमच आकड्यांत उभी राहिली. पुढे १९९४ साली अनुच्छेद ३७१(२) अन्वये विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. तथापि, सरासरीच्या आत डोकावून पाहण्याचा त्यांनी घालून दिलेला धडा जुना झालेला नाही.

बलस्थानाची निवड

तंजावरची निवड एकदा नेमक्या उलट कारणासाठी झाली होती. १९६०-६१ मध्ये सधन कृषी जिल्हा कार्यक्रमासाठी देशातून प्रथम जे सात जिल्हे निवडण्यात आले, त्यांत लुधियाना आणि पश्चिम गोदावरी यांच्याबरोबर तंजावर होते. सिंचनाची सोय असलेल्या जिल्ह्यात बियाणे, खते आणि कर्ज एकत्र पुरविल्यास उत्पादन लवकर वाढेल, असा तो विचार होता. धान्यटंचाईच्या त्या काळात तो व्यवहार्यही होता. परंतु वाढीव उत्पन्नाचे वाटप हा प्रश्न शिल्लक राहिला. २५ डिसेंबर १९६८ रोजी तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील किळवेण्मणी गावी मजुरीच्या वादातून ४४ दलित शेतमजूर कुटुंबीयांना जाळून मारण्यात आले. कोठार भरले म्हणजे प्रत्येक घर भरले असे होत नाही, याचे याहून विदारक उदाहरण शोधावे लागत नाही.

वरचे पाणी, खालचे शेत

या प्रदेशाचे भवितव्य त्याच्या हद्दीबाहेर ठरते. कावेरी उगम पावते कोडगूत आणि तंजावरच्या कालव्यांत पोहोचते ती १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणातून. कुरुवै हंगामासाठी धरणाचे दरवाजे १२ जून रोजी उघडण्याचा प्रघात आहे. पाणी पुरेसे नसेल तर ही तारीख पुढे जाते आणि त्याबरोबर लावणी, मजुरी आणि पीककर्जाची परतफेडही. १९९० साली लवाद नेमला गेला, २००७ साली त्याचा अंतिम निवाडा आला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाने द्यावयाचे पाणी १७७.२५ अब्ज घनफूट निश्चित केले. संघाचे ऐक्य अशा वेळी सूत्रांत नव्हे, कालव्याच्या पातळीत मोजले जाते.

संयमाचे मोल

२०२० साली तामिळनाडू विधिमंडळाने कावेरी खोऱ्यातील त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषी क्षेत्राचा दर्जा देणारा कायदा केला. नवे तेल व नैसर्गिक वायू उत्खनन, तांबे व ॲल्युमिनियम शुद्धीकरणाचे कारखाने, चर्मोद्योग इत्यादींना तेथे मज्जाव झाला. शेतकऱ्यांची ती मागणीच होती. मात्र या संरक्षणाची एक किंमतही आहे. अवजड उद्योगांतून मिळणारा रोजगार आणि महसूल या प्रदेशाने सोडून दिला आहे. देशाच्या अन्नसुरक्षेसाठी पाळलेल्या या संयमाचा मोबदला कोणत्याही वाटप-सूत्रात स्वतंत्रपणे दिसत नाही.

बँकेची भूमिका

जिल्ह्यापर्यंत पोहोचणारी मोजपट्टी बँकिंग क्षेत्राकडे मात्र आहे. १९६९ च्या अग्रणी बँक योजनेने जिल्हा हेच नियोजनाचे एकक मानले. २०२४-२५ पासून रिझर्व्ह बँकेने दरडोई प्राधान्य क्षेत्र कर्ज ९,००० रुपयांहून कमी असलेल्या जिल्ह्यांतील वाढीव कर्जाला १२५ टक्के, तर ४२,००० रुपयांहून अधिक असलेल्या जिल्ह्यांत ९० टक्के भार दिला. ही दिशा स्वागतार्ह आहे, परंतु ती कर्जाचे आकारमान मोजते, त्याचा विनियोग नव्हे.

तंजावरला केवळ पीककर्ज पुरेसे नाही. भाताची साठवण, प्रतवारी, गिरणी, कोंड्याचे तेल, तुसापासून ऊर्जा हे उद्योग कायद्याच्या चौकटीत बसतात आणि मूल्यवृद्धी गावातच ठेवतात. अन्नप्रक्रिया शिक्षणाची राष्ट्रीय महत्त्वाची संस्थाही २०२१ पासून याच शहरात आहे. कुंभकोणमच्या नागरिकांनी तर १९०४ सालीच स्वतःची बँक उभारली होती. म्हणजे येथे बचतीची परंपरा आहे, ज्ञान आहे आणि कच्चा मालही आहे.

अशा शाखेत बसलेल्या अधिकाऱ्यासमोर भातगिरणीचा किंवा गोदामाचा प्रस्ताव येतो, तेव्हा तो केवळ एका खात्याचा विषय नसतो. प्रादेशिक समतोल म्हणजे मागासांना दिलेले दान नव्हे. एकाच्या संयमावर दुसऱ्याची भरभराट उभी असते, याची ती रोखठोक नोंद आहे. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळाव्या लागतात, हे बँकेच्या माणसाला वेगळे सांगावयास नको.