किडनी दिलीत, आता लसही घ्या!

नवऱ्याची किडनी निकामी झाली, की घरात आधी कुणाकडे बघितलं जातं? बायकोकडे. मुलाची झाली, तर आईकडे. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांमध्ये बायका जास्त आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त, हे वर्षानुवर्षं दिसत आलंय. ऑपरेशन होतं, माणूस घरी येतो, सगळे सुटकेचा नि:श्वास सोडतात. पण मैत्रिणींनो, तुमचं काम तिथे संपत नाही!

परकी किडनी शरीर सहजासहजी स्वीकारत नाही. तिने टिकावं म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, स्टेरॉइड अशा गोळ्या रोज घ्याव्या लागतात, त्याही जन्मभर. या गोळ्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. म्हणजे घराच्या पहारेकऱ्याला आपणच पेंग आणलेली असते. लस काय करते? याच पहारेकऱ्याला चोराची ओळख करून देते. आता पेंगणाऱ्याला कितीही शिकवा, निम्मंच डोक्यात शिरणार!

कोरोनाच्या काळात हे सगळ्या जगाला कळलं. भारतात १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं. १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना आणि ४५ ते ५९ वयाच्या आजारी माणसांना लस मिळू लागली. त्या आजारांच्या यादीत किडनी किंवा लिव्हर बदललेल्यांचं नाव होतं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट दाखवायचं नि लस घ्यायची. पण पेशंट तिशीतला असेल तर? त्याला १ मेपर्यंत थांबावं लागलं. त्यातही मेच्या दुसऱ्या आठवड्यात टंचाई झाली, तेव्हा राज्याने १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण काही काळ बंदच ठेवलं. कोव्हिशील्ड तयार होत होती आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. तरी बारामती-इंदापूरच्या तरुण पेशंटला वाट बघण्यावाचून इलाज नव्हता.

त्याच मे महिन्यात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी अवयव बदललेल्या ६५८ जणांची तपासणी प्रसिद्ध केली. दोन डोस होऊनही फक्त ५४ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडीज सापडल्या. त्यांच्या लसी आपल्यापेक्षा वेगळ्या होत्या, पण अडचण गोळ्यांची होती. फ्रान्समध्ये तूलूझ इथे अशाच १०१ जणांना तिसरा डोस दिला, तेव्हा अँटिबॉडीज असणाऱ्यांचं प्रमाण ४० वरून ६८ टक्क्यांवर गेलं. अमेरिकेने ऑगस्ट २०२१ मध्ये अशा पेशंटना तिसरा डोस मंजूर केला. आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये तो आला, पण सर्वसामान्यांमध्ये साठीच्या पुढच्या आजारी लोकांपुरता. तरुण पेशंटना एप्रिल उजाडला, आणि तोही खासगी दवाखान्यात पैसे मोजून.

मग लस घेऊन उपयोग काय, असं वाटेल. तसं अजिबात नाही! थोडं संरक्षण हे काहीच नसण्यापेक्षा केव्हाही चांगलं. पण उरलेली भिंत घरच्यांनी उभारायची असते. आणि इथेच तुमची पाळी येते. किडनी देणाऱ्या बाईला त्या गोळ्या नसतात. एका किडनीवरही तिची प्रतिकारशक्ती शाबूत असते, लस तिच्या अंगी नीट लागते. आपण मात्र काय करतो? नवऱ्याच्या गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ, मुलाच्या रिपोर्टची फाइल जपून ठेवलेली, आणि स्वतःची लस? "माझं काय, बघू नंतर!" अहो, तुमची लस ही तुम्ही दिलेल्या किडनीचीच राखण आहे. ती टाळू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये कोरोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. २०२० आणि २०२१ मध्ये एसटीने पंढरीला गेलेल्या तुकोबांच्या पादुका आता पुन्हा पायी निघतात. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर... घरोघरी पंगती आणि पाहुणे! शिवाय लग्नसराई, हळदीकुंकू आहेच. आनंद जरूर घ्या. पण गोळ्या घेणाऱ्या माणसासाठी फ्लू आणि न्यूमोनियाही साधे नसतात. म्हणून हे लक्षात ठेवा :

* फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी. पेशंटने घ्यावी, घरच्यांनीही. न्यूमोनिया, कावीळ-बी आणि कोरोनाच्या लसींबद्दल किडनीच्या डॉक्टरांना विचारा.

* गोवर किंवा कांजिण्यांच्या लसीत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. अशा लसी पेशंटला सहसा चालत नाहीत. कोणतंही इंजेक्शन घेण्याआधी 'किडनी बदललेली आहे' हे स्पष्ट सांगा.

* अजून डायलिसिसवर आहात, नंबर लागायचाय? मग लसी आधीच पूर्ण करून घ्या. त्या तेव्हा जास्त लागू पडतात.

* घरातल्या बाळाच्या लसी चुकवू नका. पोलिओचे थेंब द्यायचे असतील, तर घरात असा पेशंट आहे हे आधी सांगून विचारा. थेंब दिल्यावर बाळाचे लंगोट पेशंटने बदलू नयेत.

* लस चांगली लागावी म्हणून गोळ्या मनाने कधीही बंद करू नका. किडनीच गमवायची वेळ येईल!

आणि पेशंट तुम्ही स्वतः असाल, तर संकोच सोडा. घरच्यांना बसवून सांगा, "माझ्यासाठी तुम्ही लस घ्या." खोकणाऱ्या पाहुण्याला मास्क लावायला सांगणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. पुढच्या वेळी पुण्याला तपासणीला जाल, तेव्हा पेशंटच्या फाइलमध्ये एक जास्तीचा कागद ठेवा. घरात कुणाची कोणती लस झाली, कुणाची राहिली, ते त्यावर लिहा. आणि हो, त्या यादीत पहिलं नाव तुमचं असू द्या!