रविवारी साफ केलेली नदी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा घाण का होते? लोकांनी वाचवलेल्या तलावांकडून काय शिकायचं?

रविवारची सकाळ. हातात ग्लोव्ह्ज, मागे कचऱ्याने भरलेल्या पोत्यांचा ढीग आणि चिखलाने माखलेले हसरे चेहरे. असा एखादा फोटो तुमच्याही फीडमध्ये आला असेल. कदाचित त्यात तुम्हीही असाल.

वर्षभराने त्याच ठिकाणी गेलात तर? बऱ्याचदा तोच वास आणि तीच जलपर्णी.

मग लोकांनी केलेली मेहनत वाया जाते का? तसं नाही. देशात असे तलाव आणि किनारे आहेत जे लोकांनी हातात घेतले आणि बदलून दाखवले. पण तिथे नेमकं काय केलं गेलं, हे फोटोत दिसत नाही. तेच समजून घेऊया.

आधी बघूया, पाणी 'मरतं' म्हणजे काय?

आपल्याला डोळ्यांनी दिसतं ते प्लास्टिक. पाण्याचा जीव घेतं ते मुख्यतः सांडपाणी.

घरातलं मैलापाणी तलावात गेलं की त्यातली घाण कुजवण्याचं काम जिवाणू करतात. त्यासाठी ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. घाण जास्त झाली की ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हे जलपर्णीसाठी आयतं खत असतं. तिचा थर पसरला की खाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही.

म्हणून जलपर्णी कितीही वेळा काढली तरी ती परत येते. तिचा खुराक वरून सुरूच असतो.

हा खुराक केवढा आहे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार, देशातल्या शहरांमध्ये रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. त्यातल्या २०,२३६ दशलक्ष लिटरवरच प्रत्यक्षात प्रक्रिया होते. म्हणजे १०० बादल्यांमधल्या साधारण २८. याच मंडळाने २०२२ मध्ये देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यातले सर्वाधिक, म्हणजे ५५, महाराष्ट्रात होते.

वर्सोव्यात काय घडलं?

ऑक्टोबर २०१५. मुंबईतले वकील अफरोज शाह आणि त्यांच्या शेजारचे ८४ वर्षांचे एक आजोबा वर्सोवा किनाऱ्यावर कचरा उचलायला लागले. दोघांचे शेकडो झाले. दर शनिवार-रविवारी काम सुरू राहिलं. २०१६ मध्ये शाह यांना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा पुरस्कार मिळाला.

मार्च २०१८ मध्ये या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची सुमारे ८० पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. जवळपास दोन दशकांनी हे दृश्य दिसल्याचं तेव्हा सांगण्यात आलं.

पण याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, ही मोहीम थांबवावी लागली होती. गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नाही आणि स्वयंसेवकांना त्रास दिला जातो, अशी तक्रार होती. सरकारकडून सहकार्याचं आश्वासन मिळाल्यावर काम पुन्हा सुरू झालं.

यातून एक गोष्ट कळते. कचरा लोक गोळा करू शकतात, पण तो वाहून न्यायला पालिकेचा ट्रकच लागतो. शिवाय किनाऱ्यावर येणारा कचरा शहरातूनच वाहत येतो. त्यामुळे पुढे या स्वयंसेवकांनी मिठी नदी आणि तिच्या काठच्या वस्त्यांमध्येही काम सुरू केलं.

बंगळुरूच्या लोकांनी वेगळं काय केलं?

बंगळुरूला मोठी नदी नाही. पूर्वी तिथे एकमेकांना जोडलेले तलाव बांधले गेले. वरचा भरला की पाणी कालव्यातून खालच्या तलावात जायचं. या कालव्यांना तिथे 'राजकालुवे' म्हणतात. शहर वाढलं आणि त्याच कालव्यांमधून मैलापाणी वाहू लागलं.

याच साखळीतला बेळंदूर तलाव तुम्हाला आठवत असेल. फेसाळणारा आणि चक्क पेट घेणारा तलाव म्हणून त्याचे व्हिडिओ व्हायरल झाले होते.

बेळंदूरच्या वरच्या अंगाला कैकोंड्रहळ्ळी हा ४८ एकरांचा तलाव आहे. २००८-०९ च्या सुमारास त्याचीही अवस्था वाईट होती. आजूबाजूचे रहिवासी, अभ्यासक आणि महापालिका एकत्र बसले. झाडं लावण्याआधी त्यांनी पाण्याकडे बघितलं. तलावात शिरणारं मैलापाणी बाजूने वळवलं, गाळ काढला आणि मग पावसाचं पाणी भरू दिलं. गणेश विसर्जनासाठी वेगळं कुंड केलं.

जक्कूर तलावात आणखी एक युक्ती दिसते. तिथे मैलाशुद्धीकरण केंद्र आहे. सुरुवातीला त्याची क्षमता दिवसाला १ कोटी लिटर होती. केंद्रातून बाहेर पडलेलं पाणी थेट तलावात न सोडता पाणकणसासारख्या वनस्पतींच्या दलदलीतून नेलं जातं. त्यांच्या मुळांजवळचे जिवाणू उरलेली घाण कमी करतात. वनस्पती पोषकद्रव्यं शोषून घेतात. पण ही दलदल वेळोवेळी कापावी लागते. नाहीतर झाडं तिथेच कुजतात आणि शोषलेलं सगळं पाण्यात परत येतं.

पुट्टेनहळ्ळीची अडचण उलटी होती. आजूबाजूच्या बांधकामांमुळे या १३ एकरांच्या तलावात पाणी येण्याच्या वाटाच बंद झाल्या होत्या. रहिवाशांनी २०१० मध्ये ट्रस्ट स्थापन केला आणि २०११ मध्ये महापालिकेशी देखभालीचा करार केला. पुढे शेजारच्या मोठ्या गृहसंकुलाचं प्रक्रिया केलेलं पाणी तलावात आणण्यात आलं.

मग सगळं सुरळीत झालं?

नाही. दोन अडचणी आजही आहेत.

पहिली अडचण अधिकाराची. २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तलावांबाबत खासगी कंपन्यांशी करार करण्यावर बंधन आणलं. तलाव ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती कंपन्यांच्या ताब्यात जाऊ नये, ही चिंता रास्तच. पण त्याचा फटका वर्षानुवर्षं राबणाऱ्या नागरिक गटांनाही बसला. त्यांचे करारही अडकले.

दुसरी अडचण 'आपले लोक' म्हणजे कोण, ही. तलाव सुधारला की भोवती जॉगिंग ट्रॅक आणि कुंपण येतं. मग मासेमारी करणारे, गुरं चारणारे, कपडे धुणारे बाहेर फेकले जातात. त्यांचं पोट मात्र त्या पाण्यावर अवलंबून असतं. कैकोंड्रहळ्ळीत चारा कापणाऱ्यांना जागा ठेवली गेली, म्हणून ते उदाहरण महत्त्वाचं आहे. शिवाय सकाळी फिरायला येणाऱ्यापेक्षा रोज जाळं टाकणाऱ्याला पाणी बिघडल्याचं आधी कळतं.

तुमच्या भागात काय करता येईल?

- पुढच्या स्वच्छता मोहिमेत पोत्यांसोबत नकाशाही घ्या. पाण्यात येणारा प्रत्येक नाला, प्रत्येक पाइप शोधा. पावसाळा नसताना ज्यातून पाणी वाहतं, त्यात बहुधा सांडपाणी असतं.
- तुमच्या सोसायटीत एसटीपी असेल, तर तो रोज चालतो का, हे विचारा. अनेकांना आपल्याच इमारतीचं पाणी कुठे जातं हे माहीत नसतं.
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ पाण्याच्या गुणवत्तेची आकडेवारी प्रसिद्ध करतं. ती बघा आणि नगरसेवकाला प्रश्न विचारताना सोबत ठेवा.
- काठावर राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या लोकांना पहिल्या बैठकीपासून बोलवा. उद्घाटनाला नको, बैठकीला.

कचरा उचलणं थांबवू नका. त्यातूनच माणसं एकमेकांना ओळखतात आणि पुढची भांडणं एकत्र भांडतात. फक्त पुढच्या रविवारी फोटो काढून झाला की थोडं वरच्या अंगाला चालत जा. पाइप तिथेच कुठेतरी सापडेल.