डीजेची सरकपट्टी बिघडली तर

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, डीजेच्या यंत्राचा आणि बचत गटाचा काय संबंध? संबंध आहे हप्त्याचा. शेळी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यांच्यासारखंच आता काही घरांत डीजेचं सामानही गटाच्या कर्जातून येतं. शेळीने चारा सोडला तर काय बघायचं ते आपल्याला कळतं. यंत्र बिघडलं की मात्र आपण गप्प बसतो आणि दुकानदार म्हणेल तो आकडा देतो. ऐन लग्नसराईत सुपारी गेली की हप्ता थकतो, आणि मग जामीन राहिलेल्या बाईलाही बैठकीत मान खाली घालावी लागते. म्हणून या यंत्राचा नेहमी बिघडणारा एक भाग आज समजून घेऊ.

डीजे कंट्रोलरवर दोन गोल चकत्या असतात. त्यांच्या मधोमध, खालच्या बाजूला एक आडवी सरकणारी कळ असते. तिला क्रॉसफेडर म्हणतात. कळ डावीकडे नेली की डावं गाणं, उजवीकडे नेली की उजवं, आणि मध्ये ठेवली की दोन्ही. रानात दारं धरताना आपण एका वाफ्याचं पाणी बंद करत दुसऱ्याला सोडतो, तसंच हे.

बहुतेक क्रॉसफेडरच्या आत कार्बनचा काळा थर दिलेली एक पट्टी असते आणि तिच्यावरून धातूचं बारीक पातं घासत जातं. पातं कुठे आहे त्यावरून यंत्राला कळ कुठे आहे ते समजतं. वरातीतली धूळ, गुलाल, भंडारा, सांडलेलं कोल्ड्रिंक, सगळं वरच्या फटीतून आत जातं. मग पातं पट्टीला नीट टेकत नाही. कळ सरकवताना आवाज मध्येच जातो. एका टोकाला नेली तरी दुसरं गाणं बारीक ऐकू येत राहतं. कळ जड होते. जुन्या मिक्सरमध्ये, जिथे आवाज थेट फेडरमधून जातो, तिथे खरखर येते.

आधी फुकटची तपासणी

कंट्रोलर लॅपटॉपला जोडा. पडद्यावरही तशीच एक कळ दिसते. हाताने यंत्रावरची कळ हळूहळू सरकवा आणि पडद्यावरची बघा. ती उड्या मारत असेल किंवा टोकापर्यंत जात नसेल, तर दोष बहुधा फेडरमध्ये आहे. आता पडद्यावरची कळ माउसने सरकवा. गाणी नीट बदलली, तर लॅपटॉप आणि स्पीकर ठीक आहेत, त्यांच्यावर खर्च नको.

पडद्यावरची कळ सुरळीत सरकते, पण आवाजात फरक पडत नाही, असं झालं तर यंत्र उघडू नका. क्रॉसफेडर सेटिंगमध्ये बंद केलेला असू शकतो किंवा उलटा लावलेला असू शकतो. कार्यक्रमाच्या गडबडीत बटण दाबलं गेलं की असं होतं.

मग साफसफाई

वॉरंटी शिल्लक असेल तर यंत्र उघडू नका, बिल घेऊन दुकानात जा. वॉरंटी संपली असेल तर आधी सगळ्या वायरी काढा. लॅपटॉपच्या यूएसबी वायरवर चालणाऱ्या कंट्रोलरमध्ये वीज अगदी कमी दाबाची असते. पण थेट घरच्या विजेवर चालणारा मिक्सर किंवा अॅम्प्लिफायर घरी उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते.

कळीची टोपी सरळ वर ओढून काढा. मऊ कोरड्या ब्रशने फटीतली धूळ काढा. वरून फवारा मारला तर थोडे दिवस बरं वाटतं, पण धूळ आतच ढकलली जाते. नीट काम करायचं तर फेडर बाहेर काढावा लागतो. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो घ्या आणि स्क्रू वाटीत क्रमाने ठेवा. चपट्या पट्टीसारखी वायर ओढू नका, तिची खिट्टी आधी सोडवा.

फेडरवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा, तेलकट थर न ठेवणारा काँटॅक्ट क्लीनर थोडासा मारा. आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालतं. कळ वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. दोन्ही द्रव पेट घेणारे आहेत, म्हणून चूल, गॅस, उदबत्ती जवळ नको आणि खिडकी उघडी हवी. खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल, रॉकेल यांतलं काहीही घालू नका. गंज सोडवायचा साधा डब्ल्यूडी-40 सुद्धा नको. त्याच्या तेलकट थरावर धूळ पुन्हा चिकटते. काही महाग यंत्रांत चुंबकावर चालणारे फेडर असतात. त्यांत घासणारी पट्टीच नसते, म्हणून त्यांना हा उपाय लागू नाही.

शेवटी सुटा भाग

साफ करूनही उड्या थांबल्या नाहीत, तर कार्बनचा थर झिजला असेल. मल्टिमीटरने हे कळतं. मधल्या आणि एका टोकाच्या तारेत मोजत कळ सरकवली की आकडा सलग वाढायला हवा. मध्येच तुटला तर फेडर बदला. नवा आणताना जुना सोबत न्या. लांबी, पायांची संख्या आणि त्यावर छापलेला आकडा, उदाहरणार्थ बी 10 के, तिन्ही जुळायला हवेत. काही यंत्रांत फेडर दोन स्क्रू आणि एका पिनवर बसतो, तो घरी बदलता येतो. डाख देऊन बसवलेला असेल तर कारागिराकडेच द्या.

कारागीर “पूर्ण बोर्ड बदलावा लागेल” म्हणाला, तर तीन प्रश्न विचारा. फेडर काढून साफ केला का? मल्टिमीटर लावून पाहिला का? नुसता फेडर मिळत नाही का? काढलेला जुना भागही परत मागा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही.

रोजची काळजी सोपी आहे. कार्यक्रम संपला की यंत्र कापडाने पुसून झाकून ठेवायचं, गुलाल उधळत असतील तिथून लांब मांडायचं, आणि त्याच टेबलावर चहा किंवा सरबत ठेवायचं नाही. गटाचं कर्ज असेल तर बिलाची प्रत आणि वॉरंटीची तारीख बैठकीच्या वहीत लावून ठेवा. यंत्र चालवणारा मुलगा असो वा भाऊ, त्याच्या हप्त्यावर सही आपली आहे. त्यामुळे यंत्राबद्दल विचारायचा हक्कही आपला आहे.